फोडांचा आनुवंशिक रोग व बालकाची प्रतिकारशक्ती

बालक जन्मास येऊन एकदोन दिवस होतात न होतात, तोच त्याच्या टाचांवर, ढोपरांवर, परिचारिकेने जेथे धरून उचलले असेल त्या बगलेत, पाण्याने भरलेले फोड उठू लागतात. फोड फुटतो, वरची साल गळून पडते आणि खाली लालबुंद, ओली जखम उरते. ती भरते न भरते तोच शेजारी दुसरा फोड उठतो. अशा वेळी रायपूरकडील घरातील वृद्ध स्त्री ‘माता आली’ असे म्हणते. विदर्भातील आजी ‘देवी’ म्हणते. आणि दोघीही कडुलिंबाचा डहाळा आणवितात. खऱ्या देवीच्या रोगाचे भारतातून १९७५ साली उच्चाटन झाले व १९८० साली सर्व जग त्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला तरी शब्द मागे राहिला, आणि अंगावर फोड दिसताच तो अजून ओठांवर येतो.

येथे ज्या रोगाचे वर्णन करावयाचे आहे तो देवी नव्हे, कांजिण्याही नव्हेत. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाही. बालकास जवळ घेतल्याने आईस तो होत नाही, एकाच पाळण्यात निजविल्याने भावंडास होत नाही. तो बालकाच्या जन्माबरोबर, किंबहुना गर्भधारणेबरोबरच आलेला असतो. वैद्यकात त्यास ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ असे नाव आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख केब्नर यांनी ते १८८६ साली रूढ केले. ‘एपिडर्मिस’ म्हणजे बाह्यत्वचा, ‘लिसिस’ म्हणजे सुटणे आणि लॅटिन ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा. बाह्यत्वचा सुटून पाण्याचे बुडबुडे उठणे, असा त्या भारदस्त नावाचा साधा अर्थ आहे. पुढील विवेचनात ‘ई. बी.’ हे त्याचे रूढ संक्षिप्त नावच वापरले आहे.

हा रोग विरळ आहे. अमेरिकेत १९८६ पासून २००२ पर्यंत ठेवलेल्या नोंदवहीवरून दर दहा लाख जिवंत जन्मांमागे सुमारे वीस बालके हा रोग घेऊन येतात असे आढळले. परंतु संख्या अल्प म्हणून दुःख अल्प, असे काही गणित नाही.

या रोगाविषयी दीर्घकाळ एक समजूत होती, व ती बरीचशी खरीही होती: त्वचेची बांधणी कच्ची आहे, म्हणून ती घासताच सुटते, सारा दोष यांत्रिक आहे. गेल्या काही दशकांतील संशोधनाने या समजुतीत मोठी भर घातली आहे. शरीराची प्रतिकारशक्ती, जी जखमेच्या रक्षणार्थ धावून येते, तीच या बालकांच्या शरीरात रोगाची भागीदार होऊन बसते, आणि पुढे पुढे तर बालकाचे हाल त्वचेच्या कच्चेपणापेक्षा या भागीदारीनेच अधिक होतात, असे दिसून येऊ लागले आहे. ही गोष्ट नीट उमजण्यासाठी प्रथम त्वचेची रचना पाहिली पाहिजे.

आपल्या घरातील गोधडी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून त्यांत धावदोऱ्याचे असंख्य टाके घातलेले असतात. थर कितीही मऊ असले तरी टाके शाबूत असेपर्यंत गोधडी ओढली, पिळली, आपटली तरी थर एकमेकांवरून सरकत नाहीत. त्वचेचेही असेच आहे. वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा आणि दोहोंच्या मध्ये एक अतिशय पातळ आधारपटल. या पटलास खालच्या अंतस्त्वचेशी जखडून ठेवणारे सूक्ष्म तंतू असतात. ते सातव्या प्रकारच्या कोलॅजेन नामक प्रथिनाचे बनलेले असून त्यांस नांगरतंतू म्हणता येईल. जहाजाचा नांगर रायपूरच्या वाचकास तितका परिचयाचा नसेल. त्याने गोधडीचे टाकेच मनात धरावे.

टाके कोठे तुटले आहेत यावरून ई. बी.चे प्रकार पडतात. रॉजर पिअर्सन यांनी १९६२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ही गोष्ट प्रथम स्पष्ट केली. काही रुग्णांत बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या पेशीच फाटतात. हा बहुधा सौम्य प्रकार असून तळहात व तळपाय यांवर त्याचा भर असतो आणि उन्हाळ्यात घामाने तो बळावतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या छत्तीसगढात अशा मुलाचा उन्हाळा कसा जात असेल, हे सांगणे नको. काहींत आधारपटलातच फूट पडते. आणखी एक मिश्र प्रकारही आहे. परंतु ज्या प्रकारात आधारपटलाच्या खाली, म्हणजे नांगरतंतूंच्या ठिकाणी, फूट पडते तो डिस्ट्रोफिक प्रकार, आणि त्यातही त्याचा अप्रभावी आनुवंशिकतेने येणारा उग्र भेद, हा आपल्या विवेचनाचा मुख्य विषय आहे. येथे जखम खोल असते व भरताना व्रण ठेवून जाते. व्रणांवर व्रण चढतात. बोटे एकमेकांस चिकटून हात बंद मुठीसारखा होतो, अन्ननलिका अरुंद होऊन घास उतरेनासा होतो, मुलाची वाढ खुंटते.

अप्रभावी आनुवंशिकता म्हणजे काय, हे छत्तीसगढातील व विदर्भातील वाचकास सांगण्यास फार कष्ट पडू नयेत. कारण सिकलसेलच्या रूपाने ती त्याच्या दारी आलेली आहे. सिकलसेलमध्ये आई व वडील दोघेही वाहक असले, स्वतः निरोगी दिसत असले, तरी त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. उग्र ई. बी.चेही गणित तेच. सातव्या कोलॅजेनची आज्ञा देणारे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून ते ११८ खंडांत विभागलेले आहे. आई व वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर बालकाच्या अंगी हे प्रथिन तयारच होत नाही किंवा निरुपयोगी तयार होते. ज्या समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे, तेथे एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. यात कोणाचे पाप नाही व कोणाची दृष्ट नाही. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, हे तर मुळीच नाही. मातेस असे बोल लावणारे लोक सुशिक्षित घरांतही आढळतात, म्हणून हे येथे स्पष्टपणे लिहिले.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. ती त्वचारोगांत कशी शिरते याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पेम्फिगस नावाच्या, मुख्यतः प्रौढांस होणाऱ्या, फोडांच्या एका भयंकर रोगात रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याच्याच त्वचेस जाऊन चिकटतात, असे अर्न्स्ट बॉयटनर व रॉबर्ट जॉर्डन यांनी १९६४ साली अमेरिकेतील बफेलो येथे दाखवून दिले. प्रतिपिंड म्हणजे परक्या जंतूस ओळखून त्यास पकडणारे रक्तातील प्रथिन. ते स्वकीयांवरच उलटते ही कल्पना तेव्हा नवी होती. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांनी हा रोग आवरता येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात ठराविक अंतराने मोठ्या मात्रेत औषध देण्याची जी पद्धती घालून दिली, तिने भारतात असंख्य पेम्फिगस रुग्णांचे प्राण वाचविले.

पुढे १९८४ साली एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. जन्मजात नव्हे, तर पुढील आयुष्यात उद्भवणारा, दिसावयास थेट डिस्ट्रोफिक ई. बी.सारखा असा एक रोग आहे. डेव्हिड वुडली व त्यांचे सहकारी यांनी त्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे कोणत्या प्रथिनास धरतात याचा छडा लावला. ते प्रथिन सातवे कोलॅजेनच असल्याचे पुढे निश्चित झाले. म्हणजे एका रुग्णाच्या अंगी टाका मुळात घातलेलाच नाही. दुसऱ्याच्या अंगी टाका उत्तम आहे, पण घरचाच राखणदार तो उसवीत बसला आहे. फोड मात्र दोघांचे सारखेच.

हा भेद केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाही. त्यावर बालकाचे हित अवलंबून आहे. लहान मुलांत, बहुधा पाच वर्षांच्या आत, फोडांचा एक स्वप्रतिकारजन्य रोग होतो. त्यात ‘आयजीए’ वर्गाची प्रतिपिंडे आधारपटलाशी एका सरळ रेषेत जमतात. तोंडाभोवती, ओटीपोटावर व जांघांत फोडांची वर्तुळे उठतात. जुन्या फोडाच्या कडेने नवे फोड मण्यांसारखे ओवले जातात. हा रोग डॅप्सोन या औषधाने बहुतेक वेळा झपाट्याने आवरतो व वयात येईपर्यंत बहुधा नाहीसाही होतो. डॅप्सोन म्हणजे कुष्ठरोगावरील तेच जुने, स्वस्त औषध, जे छत्तीसगढातील व चंद्रपूरकडील आरोग्यसेवकांस चांगले ठाऊक आहे. प्रतिपिंडांनी बोलावून आणलेल्या श्वेतपेशींचा मारा ते बोथट करते. अर्थात ते देण्यापूर्वी रक्ताची एक विशिष्ट तपासणी करावी लागते. कारण काही व्यक्तींच्या तांबड्या पेशी जन्मतःच या औषधापुढे टिकत नाहीत. उलट, आनुवंशिक ई. बी. असलेल्या बालकास ‘फोडांचा रोग’ म्हणून महिनोन्महिने स्टेरॉइड पाजले तर त्वचेचा टाका काही निर्माण होत नाही. मात्र जंतूंस मोकळे रान मिळते आणि हाडे ठिसूळ होतात. दोन्ही रोगांचा निवाडा त्वचेचा लहानसा तुकडा काढून त्यावर प्रदीप्त रंगद्रव्यांनी केलेल्या परीक्षेत होतो. तो तुकडा फोडाच्या कडेचा किंवा ताज्या घासलेल्या जागेचा असावा लागतो, व तो पाठविण्याची रीत वेगळी असते. म्हणून ही परीक्षा त्वचारोग विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करवून घ्यावी. त्यासाठी नागपूरची गाडी धरावी लागली तरी तो खर्च वायफळ नव्हे.

येथपर्यंत गोष्ट सोपी होती: एक रोग टाक्याचा, दुसरा राखणदाराचा. परंतु ज्यांचा रोग निव्वळ टाक्याचा म्हणून समजला जात होता, त्या आनुवंशिक ई. बी.च्या बालकांचे रक्त तपासले असता तेथेही राखणदाराच्या पाऊलखुणा सापडल्या.

छत्तीसगढातील प्रत्येक गावास कोटवार असतो. रात्री चोर आला तर त्याने हाळी द्यावी, गाव जागे करावे, आणि चोर पळाल्यावर लोकांनी पुन्हा निजावे, हा क्रम आहे. निरोगी बालकाच्या ढोपरास खरचटते तेव्हा असेच घडते. जखमी पेशी रासायनिक हाळी देतात, श्वेतपेशी धावून येतात, जंतू मारले जातात, मोडतोड उचलली जाते आणि आठवड्याभरात सारे शांत होते. आता असे गाव कल्पावे, जेथे रोज रात्री दहा ठिकाणी भिंत पडते. कोटवार हाळी देणे थांबवूच शकत नाही. गाव कधी निजतच नाही. जागरणाने माणसे चिडखोर होतात, शेतीची कामे पडून राहतात, आणि अखेरीस पहाऱ्यावरची माणसेच दमून जातात.

उग्र ई. बी.च्या बालकाच्या शरीरात हे सर्व अक्षरशः घडते. त्यांच्या फोडांतील पाणी हे साधे पाणी नसून दाह चेतविणाऱ्या निरोपद्रव्यांनी ते भरलेले असते. रक्तातही इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये वाढलेली असतात, आणि रोग जितका उग्र तितके त्यांचे प्रमाण अधिक. खाज सुटविणाऱ्या घडामोडींशी संबंधित ‘आयजीई’ प्रतिपिंडेही अनेकांत वाढलेली आढळतात. ही खाज क्षुल्लक समजू नये. ज्या बालकाची त्वचा नुसत्या स्पर्शाने सुटते, त्यास खाजविल्यावाचून राहवत नाही, या अवस्थेची कल्पनाच करावी.

इंटरल्यूकिन-६ यकृतास हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक बनविण्यास लावते. हे द्रव्य शरीरातील लोह कोठारात कुलूपबंद करते. जंतूंस लोह मिळू नये, हा मूळ हेतू. तीनचार दिवसांच्या तापात ही युक्ती उत्तम. परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाहात बालकाच्या रक्तासच लोह मिळेनासे होते. जखमांतून रक्त व रस झिरपून जातात ते वेगळेच. म्हणून या मुलांस लोहाच्या गोळ्या, गूळ, पालेभाजी सारे देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. आई औषध नीट देत नसावी, असा संशय घेण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

इटलीतील संशोधकांस आनुवंशिक ई. बी.च्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेतील निरनिराळ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. जी प्रथिने एरवी पेशींच्या आड झाकलेली असतात, ती सततच्या मोडतोडीने उघडी पडतात व राखणदार त्यांस परके समजतो, असा याचा अर्थ लावतात. ही प्रतिपिंडे रोगाचे मूळ नव्हेत. तो रोगाचा परिणाम आहे.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उग्र ई. बी.च्या रुग्णांत नैसर्गिक मारक पेशींची, म्हणजे कर्कपेशी व विषाणुग्रस्त पेशी ठार करणाऱ्या श्वेतपेशींची, शक्ती उणावलेली दिसली. एकीकडे अखंड दाह आणि दुसरीकडे दुबळा प्रतिकार, हे कोडे पुष्कळ काळ होते. थकवा व कुपोषण हे त्याचे एक उत्तर आहे. परंतु आणखी एक उत्तर २०१८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून आले आणि ते अगदी अनपेक्षित होते. अलेक्झांडर न्यूस्ट्रेम, लेना ब्रुकनर-टुडरमन व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की सातवे कोलॅजेन हे केवळ त्वचेतच नाही. प्लीहा व लसिकाग्रंथी यांमध्येही ते असते. तेथे ते कॉक्लिन नावाच्या प्रथिनास धरून ठेवते. कॉक्लिन हे पूर्वी अंतर्कर्णाच्या संदर्भात ठाऊक होते, कारण त्याच्या जनुकातील बिघाडाने एक प्रकारचे आनुवंशिक बहिरेपण येते. जंतू शरीरात शिरले की या कॉक्लिनचा एक तुकडा सुटून रक्तात येतो व श्वेतपेशींस चेतवितो. सातव्या कोलॅजेनची उणीव असलेल्या उंदरांत हा साठाच टिकेना, आणि म्हणून त्यांस जंतूंशी नीट झुंजता येईना. तो तुकडा बाहेरून दिल्यावर त्यांची शक्ती सुधारली. ज्या दोऱ्याने गोधडी शिवली जाते, त्याच दोऱ्याने कोटवाराची घंटाही बांधलेली होती! निसर्ग एकच वस्तू दोन ठिकाणी वापरतो, हे ज्ञात असूनही असे उदाहरण पाहिले की मन थक्क होते.

या सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो तो जुळ्या भावंडांचा पुरावा. एकाच गर्भपेशीपासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. रोग जर निव्वळ जनुकाने ठरत असता, तर दोघांचे हाल सारखेच व्हावयास हवेत. इटलीतील तेरेसा ओडोरिसिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अशा एका जुळ्या जोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांत एकाचा रोग उग्र व दुसऱ्याचा त्या मानाने सौम्य होता. दोघांच्याही त्वचेतील सातव्या कोलॅजेनची उणीव सारखी. मग भेद कशात? तो सापडला व्रण घडविणाऱ्या ‘टीजीएफ-बीटा’ या निरोपद्रव्यात. उग्र रोग असलेल्या भावंडाच्या पेशींत त्याचा जोर अधिक होता. सौम्य रोग असलेल्याच्या पेशींत त्यास लगाम घालणारे डेकोरिन नावाचे प्रथिन अधिक होते. जनुक बदलता येत नसले तरी बालकाची अवस्था बदलता येईल, ही आशा प्रथम अशा पुराव्यावर उभी राहिली.

व्रणांचा हा प्रश्न केवळ हातांच्या बोटांपुरता नाही. उग्र डिस्ट्रोफिक ई. बी.च्या रुग्णांचा मोठा वैरी म्हणजे तरुणपणीच जुन्या जखमांत उद्भवणारा त्वचेचा कर्करोग. अमेरिकेच्या नोंदवहीप्रमाणे पंचावन्न वर्षे वयापर्यंत अशा रुग्णांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांस तो गाठतो. उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगास अनेक दशके लागतात. येथे तो विशी-तिशीत येतो. विषाणूंच्या जनुकद्रव्याची मोडतोड करण्यासाठी पेशीत ‘अपोबेक’ नावाचे विकर असते. २०१८ सालच्या एका संशोधनात असे आढळले की या कर्करोगांतील बरेचसे जनुकीय बिघाड याच विकराने स्वतःच्या जनुकद्रव्यावर केलेल्या आघातांचे आहेत. म्हणजे येथेही हत्यार आपलेच. म्हणून जी जखम महिनोन्महिने भरत नाही, जिच्या कडा जाड होतात, जी एकाएकी अधिक दुखू लागते, ती ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून देऊ नये. तिचा तुकडा तपासून घ्यावा.

उपचारांत या ज्ञानाचा उपयोग होऊ लागला आहे. लोसार्टन हे रक्तदाबाचे जुने औषध टीजीएफ-बीटाचा जोर कमी करते. फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१५ साली उंदरांत त्याने बोटांचे चिकटणे मंदावते असे दाखविले व पुढे मुलांवरील प्राथमिक चाचणीत ते सोसण्यासारखे असल्याचे आढळले. तथापि आजोबांच्या गोळ्यांतील एक गोळी नातवास देऊन पाहावी, असा याचा अर्थ कोणी करू नये. मात्रा, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर डॉक्टरांची नजर हवी. अमेरिकेतील मिनेसोटा येथे जॉन वॅग्नर व याकुब टोलर यांनी अस्थिमज्जेच्या प्रतिरोपणाचे धाडस केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार सहा मुलांवर ते झाले, जखमा सर्वांच्या सुधारल्या, पाचांच्या त्वचेत सातवे कोलॅजेन वाढलेले दिसले. परंतु एक मूल प्रतिरोपण न टिकल्याने व जंतुसंसर्गाने दगावले. मज्जेतील पेशी त्वचेकडे का जातात, हे ओसाकाच्या कात्सुतो तामाई यांनी पुढील वर्षी उलगडले: सुटलेल्या त्वचेतून बाहेर पडणारे एक द्रव्य मज्जेस निरोप धाडते व दुरुस्तीच्या पेशी निघतात. हाळी सर्वस्वी वाईट नसते, हे येथे दिसते.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत एका जनुकीय मलमास परवानगी मिळाली. ओठांवर जर उमटविणारा हर्पीस विषाणू निरुपद्रवी करून त्यात सातव्या कोलॅजेनचे जनुक बसवितात व तो जखमेवर थेंबाथेंबाने लावतात. ३१ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनी या उपचाराच्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या. नुसते मलम लावलेल्या २२ टक्केच भरल्या. एक शंका प्रथमपासून होती: ज्या शरीराने हे प्रथिन कधी पाहिलेच नाही, ते त्यास परके मानून हुसकून तर लावणार नाही? काही रुग्णांत प्रतिपिंडे तयार झालीही. पण त्यांमुळे गुण येण्यात अडथळा आला नाही. हर्पीसचा विषाणू मुळातच राखणदारास चुकविण्यात तरबेज. त्याच्या या दुर्गुणाचा असा उपयोग करून घेतला गेला. औषधाची किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडील आहे.

म्हणून रायपूर असो वा वर्धा, आज या बालकाचे खरे औषध म्हणजे रोजची मलमपट्टी होय. पूर्वी ती केवळ जखम झाकण्यासाठी आहे असे समजत. आता कळते की जखमेवर वाढणारे जंतू हीच कोटवारास जागे ठेवणारी मुख्य चाहूल आहे; जखम स्वच्छ राहील तितका दाह कमी, दाह कमी तितके व्रण कमी. फोड मोठा झाला की निर्जंतुक सुईने त्याच्या खालच्या अंगास भोक पाडून पाणी वाहू द्यावे. वरची साल काढू नये, तीच उत्तम पट्टी होय. चिकटपट्टी अंगास कधीही लावू नये. सुकून चिकटलेली पट्टी ओढू नये. कोमट पाण्यात भिजवून आपोआप सुटू द्यावी. बालकास बगलेत धरून उचलू नये. कुल्ल्यांखाली व मानेखाली हात घालून, शक्य तर मऊ गादीसकट उचलावे. कपडे जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे शिवावेत व शिवण बाहेरच्या बाजूस ठेवावी. प्रतिजैविक मलम महिनोन्महिने एकच वापरू नये, कारण जंतू त्यास सरावतात.

परदेशी सिलिकोन पट्ट्या उत्तम, पण महाग. या बाबतीत मुंबईच्या रुग्णालयांनी दाखविलेली कल्पकता सांगण्यासारखी आहे. परळच्या बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्या व १९८५ साली ते प्रसिद्ध केले. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या निर्जंतुक केलेल्या पट्ट्यांचा भाजलेल्या जखमांवर पद्धतशीर अभ्यास करून २००३ साली तो प्रसिद्ध केला. पान गुळगुळीत व मेणचट असल्याने जखमेस चिकटत नाही, काढताना वेदना होत नाही, आणि किंमत जवळजवळ शून्य. फोडांच्या इतर उग्र रोगांतही रुग्णास केळीच्या पानांवर निजविण्याची रीत आपल्या रुग्णालयांत आहे. परसातले पान तसेच आणून लावावे असे मात्र नव्हे. ते निर्जंतुक केलेलेच हवे.

पुढील अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्याने आधी बाधित बालकाच्या जनुकाची तपासणी करवून घ्यावी. नेमका बिघाड कळल्यावाचून पुढील गर्भाची तपासणी करता येत नाही, आणि गर्भ राहिल्यावर धावाधाव केली तर वेळ अपुरा पडतो.

लसींविषयी पालकांच्या मनात फार भय असते. त्वचाच इतकी नाजूक, तिला सुई कशी टोचावी? परंतु ज्या बालकाच्या अंगावर जंतूंस शंभर दारे उघडी आहेत आणि ज्याची राखण आधीच दमलेली आहे, त्यास लसीची गरज इतरांहून अधिक आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातील लसी या रोगात वर्ज्य नाहीत. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील किंवा मज्जेचे प्रतिरोपण झाले असेल, तरच जिवंत जंतूंच्या लसींविषयी डॉक्टरांस आधी विचारावे. टोचण्याची जागा फोड नसलेली निवडावी. कातडी घासून पुसू नये, कापसाने हलकेच टिपावी. आणि सुई काढल्यावर कापूस चिकटपट्टीने न बसविता मिनिटभर बोटाने नुसता दाबून धरावा.